कोरडी पाठ

गोटीरामने पावडरीचा डबा तळहातावर उपडा केला आणि मूठभर भुकटी कुंदनच्या मानेला चोळली. पोशाखाची रबरी गळपट्टी इतकी आवळ होती, की भुकटीवाचून ती डोक्यावरून खाली उतरेना.

"मामा, गुदगुल्या होतान."

"गप उभा रे."

समोर पोहण्याच्या तलावाच्या निळ्या पाण्यात बर्फाच्या बारा लाद्या तरंगत होत्या. वाशीतल्या त्या क्लबाचे सभासद जानेवारीतल्या रविवारची न्याहारी बाजूला ठेवून कठड्याशी येऊन उभे राहिले होते. परदेशी बनावटीचा, पाणी आत शिरू न देणारा 'ड्रायसूट' त्या दिवशी तिथे प्रथमच दाखवला जाणार होता. विकणाऱ्यांनी थंडी दिसावी म्हणून बर्फ आणवला होता. पण बंदरात पाण्याखालची कामे करणाऱ्या कंपनीला थंडीशी कर्तव्य नव्हते. तिला भीती होती ती खाडीच्या पाण्याची. रबाळ्याकडच्या कारखान्यांतून काय काय वाहत येई ते तिथल्या माशांनाच ठाऊक, आणि ठाऊक होते गोटीरामच्या कातडीला. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर आणि पाठीवर पांढुरके चट्टे होते. ते खाजत, आणि तो त्यांविषयी कोणाशी बोलत नसे.

कंपनीने सध्या एकच सूट घ्यायचे ठरवले होते. तो ज्याला मिळेल, तोच कायमचा पाणबुड्या म्हणून लागेल. आलेल्या पाच जणांतून दोघे उरले होते. एक गोटीराम, वय वर्षे अठ्ठेचाळीस. दुसरा त्याच्या बहिणीचा मुलगा कुंदन, वय वर्षे चोवीस.

"पुन्हा एकदा ऐका," नौदलातून निवृत्त झालेले सयाजीराव म्हणाले. निवड त्यांच्या हाती होती. "चेन पाठीवर आहे, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. स्वतःची स्वतःला लावता येत नाही. म्हणून एकमेकांची लावायची, आणि ज्याने घातलाय त्याने विचारून घ्यायचं. मी हात लावणार नाही. दहा मिनिटं पाण्यात. बाहेर आल्यावर मी पाठीला हात लावून बघेन. कोरडा निघेल तो पुढे. काय कुंदन, कळलं? काका, तुम्हाला?"

'काका' हा शब्द गोटीरामच्या कानात कुसळासारखा रुतला. याच कुंदनला आठव्या वर्षी मानगूट धरून त्याने खाडीत बुडवले होते, श्वास कसा कोंडावा ते शिकवले होते. आता त्याच मुलाने तीन महिन्यांचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र आणले होते. इंग्रजी पुस्तिका तो बोट न ठेवता वाची. तेही गोटीरामने सोसले असते. पण गेल्या महिन्यात एका मचव्याचा नांगर अडकला, तेव्हा बोलवायला आलेली माणसे गोटीरामच्या ओट्यावरून पुढे गेली आणि कुंदनच्या दाराशी थांबली. ओट्यावर तो विडी ओढत बसलेला होता. त्यांनी त्याला रामराम केला होता.

आज सकाळी निघताना त्याची बायको मालतीबाई म्हणाली होती, "कुंदनला घेतला, तरी तो आपलाच हाय ना?" आणि तो जेवणाचा डबा न घेताच बाहेर पडला होता.

कुंदनने पाठ वळवली. गोटीरामने चेनीला मेण लावले, कडी चिमटीत धरली आणि ओढू लागला. पितळी दात एकेक करून मिटत गेले. एका खांद्यापासून निघालेली ती वाट दुसऱ्या खांद्याच्या जवळ आली, आणि टोकाच्या अलीकडे, दोन बोटांवर, त्याचा हात थांबला.

तो का थांबला, हे त्याने स्वतःला विचारले नाही. पाणी छातीइतके होते. जिवाला काही होणार नव्हते.

"झाली का, मामा?"

"झाली."

कुंदन शिडीवरून उतरला. कठड्याजवळून कोणी तरी हसून म्हणाले, "अहो, हे पाण्यात चाललेत की चंद्रावर?" दहा मिनिटे कुंदन बर्फाखालून बुड्या मारीत फिरला, तळाशी ठेवलेल्या लोखंडी कड्या उचलून त्याने ओळीने मांडल्या. एकदाही तो कुडकुडला नाही. गोटीराम काठावर उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात नकळत पुढे आले होते, जणू त्यांत दोर होता.

गावाची ती जुनी रीत. एक जण बुडी मारी, दुसरा होडीत दोर धरी. दोर धरणाऱ्याने नजर हलवायची नाही. बुडालेला वर आला, की आधी त्याची पाठ आपल्या हाताने पुसायची. पाठ पुसल्यावाचून दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही. बारा वर्षे या दोघांनी एकमेकांचा दोर धरला होता.

कुंदन बाहेर आला. सयाजीरावांनी त्याला तिथेच थांबवले आणि पाठीवरून बोट फिरवले.

"हे काय? चेन दोन बोटं उघडी आहे." त्यांनी सूट कमरेपर्यंत सोलला. आतला लोकरी अंगरखा पाठभर निथळत होता. "इथे पाठ भिजली. बंदराच्या तळाशी काय झालं असतं? कोणी लावली चेन?"

कुंदनने एकदाच मामाकडे पाहिले.

"मीच घाई केली, साहेब. मामा थांब बोलत व्हते."

सयाजीरावांनी कागदावर काही लिहिले. कुंदनने भिजलेला अंगरखा उतरवला आणि सवयीने गोटीरामपुढे पाठ करून उभा राहिला. गोटीरामला टॉवेल उचलावा लागला. पाठ बर्फासारखी गार होती. ती नितळ होती, तिच्यावर एकही चट्टा नव्हता. तो मानेपासून कमरेपर्यंत पुशीत गेला, आणि टॉवेल चिंब होऊन जड झाला. आता बोलायला हरकत नव्हती.

मग गोटीरामची पाळी आली. विकणाऱ्यांनी आणलेला दुसरा, कोरडा सूट चढवून तो पाठ वळवून उभा राहिला, आणि चेनीचा आवाज ऐकत राहिला. आवाज डाव्या खांद्याकडून निघाला, मणक्यावरून गेला, उजव्या खांद्याशी आला. तिथे तो थांबेल, असे त्याला वाटले. थांबावा, असेही वाटले. आवाज टोकापर्यंत गेला. मग कुंदनने कडी आणखी एकदा ओढून पाहिली आणि अंगठ्याने टोक चाचपले.

गोटीरामने काही विचारले नाही.

"झाली, मामा," कुंदन आपणहून म्हणाला.

दहा मिनिटे गोटीराम पाण्यात होता. आयुष्यात प्रथमच पाणी त्याच्या अंगाला लागत नव्हते. ते चहूकडून दाबत होते, आणि आत येत नव्हते. तळाशी वाकून त्याने कड्या वेचल्या. कुठून तरी एक थेंब आत यावा म्हणून त्याने मान वळवून पाहिली, खांदे ताणून पाहिले. काही आले नाही.

तो वर आला, तेव्हा विकणाऱ्यांनी सयाजीरावांना टेबलाकडे बोलावून नेले होते. कुंदनने चेन उघडून सूट कमरेपर्यंत उतरवला, आणि ज्या टॉवेलाने त्याची स्वतःची पाठ पुसली गेली होती, तोच उचलून मामाची पाठ पुसली, मानेपासून कमरेपर्यंत, रीतसर. हात बारा वर्षांच्या सवयीने चालत होते. लोकरीचा अंगरखा त्या चिंब टॉवेलाखाली भिजत गेला. गोटीरामला ते गार लागले, आणि तो हलला नाही.

सयाजीराव परतले. त्यांनी गोटीरामच्या पाठीवर तळहात टेकवला, उचलला, आणि बोटे एकमेकांवर घासली.

"यांचीही पाठ ओली!" ते कुंदनकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला होता, म्हणूनच तो अधिक कठीण वाटला. "तुझ्या हातची चेन ना ही? स्वतः भिजलास, म्हणून मामालाही भिजवलंस?"

कुंदनने हातातल्या टॉवेलाकडे पाहिले. पाणी त्यातूनच आले, हे त्याच्या ध्यानात आले होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सयाजीरावांची पेन्सिल कागदावर टेकली. गोटीरामने ती टेकलेली पाहिली. कुंदनच्या नावासमोर ती आता काय लिहील, हे वाचता न येणाऱ्यालाही कळले असते. कुंदन बाद व्हायला गोटीरामने नुसते उभे राहणे पुरेसे होते.

"साहेब," गोटीराम म्हणाला, "याचे हातची चेन पुरी व्हती. टोकापावत. पानी टावेलाचा हाय. आमची रीत हाय तशी."

"बरं. म्हणजे तुम्ही कोरडे निघालात."

"मी कोरडा."

"आणि हा भिजला, कारण याने घाई केली."

गोटीरामने कुंदनच्या हातून टॉवेल घेतला.

"त्यानं घाई नाय केली," तो म्हणाला. "त्याची चेन मी लावली व्हती. झाली का, इचारला त्यानं. झाली, बोललो मी."

सयाजीरावांनी पेन्सिल कागदावरून उचलली.

गोटीराम तलावाच्या काठाशी उकिडवा बसला आणि टॉवेल पिळू लागला. पाण्याची धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. तरी तो पिळतच होता. मागे पावले वाजली, आणि त्याच्या भिजलेल्या पाठीवर कुंदनने कोरडा पंचा ठेवला.