जाऊन राहिले

इंग्रजीच्या प्रशिक्षणाला गोंदियाला बोलावलं की दरवेळी आम्हाला एकच गोष्ट सांगतात. परकी भाषा शिकवायची तर वर्गात प्रेरणा हवी. माझ्या आठवीच्या वर्गात एक प्रेरणा आहे, पण जुलैत ती धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाते. तिच्यासोबत अर्धा वर्ग जातो. हे मी एकदा तिथे बोलून दाखवलं, तर साहेब हसले नाहीत.

मी साताऱ्याची. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवते. नवरा आणि मुलगा तिकडे, मी इकडे, आणि दरवर्षी बदलीचा अर्ज. माझा स्वभाव तापट आहे आणि जीभ त्याहून वाईट. रागावलेलं पोरं विसरतात, टोमणा विसरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. जिच्यामुळे कळलं तिचं नाव हर्षा.

इंग्रजीची खरी हौस वर्गात तिलाच होती. बाकीची पोरं इंग्रजीच्या तासाला इंजेक्शनच्या रांगेत बसल्यासारखी बसायची. हर्षाला मात्र दिसेल त्या वस्तूचं नाव इंग्रजीत हवं असायचं. धुऱ्याला काय म्हणतात, असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा धुरा म्हणजे शेताचा बांध हे आधी तिनंच मला शिकवलं. बारावीनंतर नर्सिंगला जायचं आणि तिथे सगळं इंग्रजीत असतं, म्हणून इंग्रजी आलंच पाहिजे, हे तिनं सहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी गृहपाठ दिला. घरात आत्ता कोण काय करत आहे, यावर इंग्रजीत वाक्यं लिहा. हर्षानं लिहिलं होतं, 'माय फादर इज प्लाऊ अँड लिव्ह. माय ग्रँडमदर इज कुक अँड लिव्ह. आय अ‍ॅम राइट अँड लिव्ह.' कारण उघड होतं. इकडे कोणी 'नांगरत आहे' म्हणत नाही, 'नांगरून राहिला' म्हणतात. पोरीनं शब्दकोशात 'राहणे' शोधलं आणि तिथे सापडलेला 'लिव्ह' प्रत्येक वाक्याला जोडला.

मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. "नांगरून, रांधून, लिहून घरातले सगळे जिवंत आहेत, हे बरं झालं," असंही म्हणाले. वर्ग लोटपोट हसला. मीही हसले. वर सुनावलं, "तरी सांगत असते, आधी घरचं मराठी सुधारा."

मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'अँड लिव्ह' पडलं. वर्गातला टिंकू ताटली हातात घेऊन "आय अ‍ॅम ईट अँड लिव्ह" असं ओरडत फिरत होता.

दुसऱ्या दिवसापासून हर्षा इंग्रजीच्या तासाला बोलेनाशी झाली. नाव घेतलं की उभी राहायची, पुस्तकावर बोट ठेवायची आणि गप्प. मी चिडले. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणाले, तेही तिला ऐकू जाईल असं. त्या आठवड्यानंतर ती शाळेतच आली नाही.

"रोवणी आहे मॅडम. येतील सगळे," आमचे मुख्याध्यापक केवळराम सर म्हणाले. ते इथलेच. मलाही तसंच मानायचं होतं. पण प्रेरणा परत आली, टिंकू परत आला, हर्षा आली नाही. टिंकूला विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "थे म्हनते, मले इंग्रजी नाही जमत. मी नाही येत आता."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. घरी कोणीच नव्हतं. दारावर, खिडकीच्या चौकटीवर, गोठ्याच्या खांबावर खडूचे पुसलेले डाग होते. शेजारणीनं सांगितलं, सगळे शेतावर आहेत. मग मी इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या कडेनं शेत गाठलं.

बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सात-आठ बाया वाकून धान रोवत होत्या. हर्षा त्यांच्याकडे परे फेकत होती, म्हणजे रोवायच्या रोपांच्या पेंढ्या. मला बघताच ती पाठमोरी झाली. तिची आजी सुशीलाबाई धुऱ्यावर आली, लुगड्याला हात पुसले आणि सरळ विचारलं, "काऊन आल्या मॅडम?"

"हर्षा शाळेत येत नाही म्हणून."

"घरातले सारे शब्द पुसून टाकले तिनं. दारावर दार लिहलं होतं इंग्रजीत, खांबावर खांब. मले शिकवत होती. काऊ म्हंजे गाय म्हने. मी म्हटलं, मंग काऊन म्हंजे काय वं?" स्वतःच्या विनोदावर ती हसली आणि मग थांबली. "तुमी हासल्या म्हने तिच्यावर."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिचा मुलगा खुशाल, हर्षाचा बाप, खत आणायला अर्जुनीला गेला होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय करून रायल्या माय?"

"रोवून रायलो."

"हर्षा?"

"परे फेकून रायली. अन् शाळेची मॅडम आली हाये, धुऱ्यावर उभी राहून रायली."

मी खरोखरच उभी राहून राहिले होते. रोवून राहिलो. 'रोवून'मधला 'ऊन' आणि 'राहिलो'. इंग्रजीत 'इंग' आणि 'आर'. इकडे दोन तुकडे, तिकडे दोन तुकडे, नुसता क्रम उलटा. जो काळ शिकवायला मी दरवर्षी पंधरा दिवस घसा कोरडा करत होते, तो ही पोरं बोलायला लागल्यापासून दिवसभर बोलत होती. मी आधी त्यांच्या तोंडातलं 'रोवून राहिलो' काढून टाकत होते, 'रोवत आहे' पाठ करून घेत होते आणि त्यावर इंग्रजी चढवत होते. दोन पावलांवरच्या शाळेत यायला मी पोरांना आधी साताऱ्याला नेऊन आणत होते. मला स्वतःची लाज वाटली. सहा वर्षं म्हणजे थोडी नाहीत.

चपला धुऱ्यावर काढून मी चिखलात उतरले. हर्षा वळली नाही, म्हणून तिच्या पाठीशीच बोलले. "तुमचा 'राहिला' म्हणजे इंग्रजीतला 'इज'. तो तू आधीच लिहिला होतास. 'अँड लिव्ह' तेवढं जास्तीचं झालं आणि 'इंग' राहून गेलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसले, ते माझं चुकलं."

तिनं एक पेंढी उचलून लांब फेकली.

"सोमवारी ये."

"येईल," सुशीलाबाईच म्हणाली. "पन बोलनार नाही."

ती सोमवारी आली. मी फळ्यावर एका बाजूला 'जाऊन राहिला' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'इज गोइंग'. 'ऊन' तिथे 'इंग', 'राहिला' तिथे 'इज'. सहा वर्षं मीच चुकीचं शिकवलं, हे वर्गाला सांगितलं. इथून पुढे हर्षाला जो 'अँड लिव्ह' म्हणेल, त्यानं दिवसभर साताऱ्याच्या मराठीत बोलायचं, अशी शिक्षाही ठरवली. ती कोणालाच परवडणार नव्हती.

मग वर्ग नुसता सुसाट सुटला. टिंकू दिवसभर समालोचन करायला लागला. "केवळराम सर इज चाय ड्रिंकिंग. बकरी इज माझी वही ईटिंग." हजेरीला 'येस मॅडम' पुटपुटणारी पोरं हातपाय धुता धुता वाक्यं करू लागली. गोंदियाच्या साहेबांना हवी असलेली प्रेरणा बहुधा हीच, म्हटलं, आणि ही रोवणीलाही जात नव्हती.

हर्षाची वही सगळ्यात चांगली. दहापैकी दहा. पण तोंड बंद. मी तिला एकटीला बोलावून पाहिलं, मैत्रिणींसोबत उभं करून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. ती उत्तर कागदावर लिहून माझ्या हातात द्यायची. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. न बोलता नर्स कशी होणार ही, या विचारानं माझा जीव तुटायचा आणि त्याचा राग मला माझाच यायचा. एकदा हसायला किती वेळ लागला असेल मला? अर्धा मिनिट.

धान कापून झालं त्या आठवड्यात बदलीचा आदेश आला. सातारा. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी खोलीत एकटीच नाचले. मुलाला फोन केला, सासूबाईंना केला, आणि फोन ठेवल्यावर हर्षा आठवली.

सकाळी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा पोरांना मी सांगायच्या आधीच सगळं ठाऊक होतं. "मॅडम, तुमी चालल्या म्हने?" टिंकूनं विचारलं. प्रेरणानं बाकावर डोकं टेकवलं होतं. काय बोलावं हे मी जुळवत होते, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हर्षा उठली. तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

"मॅडम, आर यू गोइंग?"

पाच महिन्यांनी. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मी 'येस' म्हणायला हवं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "हो हर्षा. जाऊन राहिले."

वर्ग हसायला लागला. "मॅडम, राहिले नाही, रायली म्हना," टिंकू म्हणाला आणि पुन्हा हसू उसळलं. सहा वर्षांत त्यांची बोली मी पहिल्यांदाच बोलले होते आणि पहिल्याच वाक्यात आपटले होते. माझे कान तापले. चाळिशीतल्या बाईची ही गत, तर त्या दिवशी तेरा वर्षांच्या पोरीचं काय झालं असेल?

हर्षा हसली नाही. ती अजून उभीच होती.

"गो अँड लिव्ह, मॅडम," ती म्हणाली.

वर्गातलं हसणं थांबलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. सवयीनं मी तिचं वाक्य मनात तपासलं, मग आणखी एकदा तपासलं. त्यात चूक नव्हती.