गोलाआधीचा आवाज

"भित पडली, पळा."

नऊ वर्षांपूर्वीचा तो आवाज शबनूरला अजून ऐकू यायचा. नळाला पाणी आलं की त्या सरसरीत, मिक्सर थांबला की मागच्या शांततेत. कोवळा, चिरका, शेवटी फाटलेला. शिवाजी पेठेत तो आवाज सगळ्यांना माहीत होता. कुणाचा, हे मात्र एकट्या शबनूरलाच माहीत होतं. तो तिचाच होता.

कोल्हापुरात फुटबॉलची फायनल होती. शिवाजी पेठेची निंबोणी तालीम आणि मंगळवार पेठेचा पिंपळकट्टा. दोन्हीकडचं पब्लिक जिथं मिळतं तिथं, अगदी वरच्या पायरीवर सतरा वर्षांची शबनूर बसली होती, आणि खाली भिंतीला टेकून तिचे अब्बा, हुसेन. कुणीतरी पत्र्याच्या डब्यात फटाक्यांची माळ लावली. दणका झाला, भिंतीवरून माती सांडली, आणि तिला वाटलं, भिंत अब्बांवर येतेय. ती ओरडली.

भिंत पडली नाही. ती आजही उभी आहे. पडली ती माणसं. निंबोणीची हलगी वाजवणारे आकारामतात्या लोंढ्यात पायऱ्यांवरून खाली गेले आणि त्यांच्या उजव्या हातावरून गर्दी गेली. हात राहिला, पण बोटं मिटेनात. हलगी खुंटीवर गेली. आणि हलगीबरोबर दोस्तीही गेली, कारण तात्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की ओरडणारं पिंपळकट्ट्याचं होतं. पिंपळकट्ट्याची हलगी बाळासोंची. दोघांची चाळीस वर्षांची संगत. बाळासो दवाखान्यात डबा घेऊन आले, तात्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

शबनूर त्या दिवशी सांगणार होती. मग म्हणाली, उद्या सांगू. त्या उद्याला नऊ वर्षं झाली.

आता ती एका स्टुडिओत साउंडचं काम करायची, आणि सुट्टीच्या दिवशी तात्यांच्या माडीवर सम्राटबरोबर बसायची. सम्राट तात्यांचा मुलगा, तिचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं मिळून परदेशी फुटबॉलच्या एका गेममध्ये कोल्हापूर घालत होती. मैदान, जर्सी, भिंतीवर चढून बसलेलं पब्लिक हे सम्राटचं काम. आवाज शबनूरचा. गेममधली गोरी माणसं एका सुरात गाणी म्हणायची, ती काढून तिनं शिट्ट्या, हलगी, वडेवाल्याची हाक, रेफ्रीच्या खानदानाचा उद्धार, सगळं भरलं होतं.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तात्या डोळे मिटून ऐकत बसले होते.

"मैदान झ्याक हाय," ते म्हणाले. "पब्लिक मातूर मेलेलं हाय."

"काय कमी हाय ओ तात्या?" सम्राट म्हणाला.

"तुझं पब्लिक गोल झाल्यावर वरडतंय. आपलं पब्लिक गोलाच्या आधी वरडतंय की. पोरगं गोलापुढच्या डीत शिरलं, पाय उचलला, का निम्मं मैदान उठलंच. आवाज आधी, बॉल मागनं." थोडं थांबून म्हणाले, "आणि ह्यात भ्या न्हाय. फायनलला पोटात गोळा असतोय. तो कुठं हाय?"

शबनूरनं मान खाली घातली.

तिनं ओरड गोलाच्या आधी आणून ठेवली. गेम खरंच जिवंत झाला. पण सम्राटचं समाधान होईना. गेल्या आठवड्यात तो नाचतच आला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडं त्या जुन्या फायनलची टेप सापडली होती.

"असला आवाज परत घावायचा न्हाय शबू. आणि ऐक, आता मशीन गर्दीतनं एकेक आवाज वेगळा काढतंय. ती आरोळी हाय बघ, तीबी निघंल. तात्यांचा कान तुला ठावं हाय. हलगीच्या कातड्याला ओल धरली तर रस्त्यावरनं सांगायचं हे माणूस. वळखणारच."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. टेप कापायची, तेवढे चार सेकंद उडवायचे, मशीनवर ढकलायचं. दिवस ठरला तो रविवारचा. सम्राट जेवायला खाली जाईल, तेव्हा.

रविवारी दुपारी ती जिना चढली आणि वरच्या पायरीवरच थांबली. आतून स्पीकरवर तिचाच आवाज येत होता. गर्दी नाही, शिट्ट्या नाहीत, हलगी नाही. सगळ्या जगातून उचलून एकटाच ठेवलेला.

भित पडली, पळा.

"ये ये, वेळेवर आलीस," सम्राट म्हणाला. "तात्या, आणि एकदा लावतो, हेडफोनवर."

त्यानं तात्यांच्या कानाला हेडफोन लावला. डावा हात मांडीवर ताल धरून होता, उजवा उशीवर ठेवल्यासारखा पडला होता. शबनूर दाराला टेकली. आता ते मान वळवतील. आता डोळे उघडतील. तिनं स्वतःचा श्वाससुद्धा दाबला, त्याच्यावरून ओळखतील म्हणून.

तात्यांनी हेडफोन काढला.

"पोरगं हाय," ते सावकाश म्हणाले. "आवाज फुटायचा हाय अजून. तेरा-चौदाचं आसंल." मग त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "बाळासोचा पृथ्वीराज हाय ह्यो. बापाच्या पायापाशी बसायचा तवा. घरातनंच केलं ह्यांनी."

शबनूरच्या छातीतून काहीतरी सुटलं. सुटका गोड होती. संपलं. आता कुणी कधीच विचारणार नाही. लगेच तिला स्वतःची भीती वाटली, आवाजाच्या भीतीपेक्षा मोठी.

पृथ्वीराज आता पिंपळकट्ट्याचा गोलकीपर होता. येत्या शनिवारी फायनल होती, निंबोणीशीच.

"तरीच," सम्राट म्हणाला. त्याचा हसरा चेहरा गेला होता. त्यानं मोबाईल उचलला. "पेठेच्या ग्रुपवर टाकतो क्लिप. नावासकट. बघूया शनिवारी कसा हुबा ऱ्हातोय गोलपोस्टात."

"नको टाकूस," शबनूर म्हणाली.

"का? मार खाईल म्हणून? तात्यांचा हात बघ जरा."

"सम्राट, ठेव तो."

"तुला काय पिंपळकट्ट्याचा पुळका आला का गं?" तो बोटानं टाइप करत होता. तिला अक्षरं दिसत होती. पृ, थ्वी. ग्रुपमध्ये आठशे माणसं. तिच्या डोळ्यांपुढं पायऱ्या आल्या, लोंढा आला, एका शब्दावर पळत सुटलेलं सगळं मैदान. आधी आवाज, मागून सगळं. तिनं ते एकदा केलं होतं. आता गप्प राहून दुसऱ्यांदा करत होती.

ती पुढं झाली आणि त्याच्या हातातला मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"सोड की," सम्राट म्हणाला.

तात्या तिच्याकडं बघत होते. "काय झालं गं शबू? लटपटतीस का? बस. पाणी दे रं तिला."

हेच माणूस लहानपणी तिला खांद्यावर घेऊन मैदानात न्यायचं. ती त्यांच्यापुढं खाली बसली. त्यांचा न मिटणारा हात तिनं आपल्या हातांत घेतला. तो थंड होता. नऊ वर्षांत तिनं त्याला कधी हात लावला नव्हता.

बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मग फुटला, तो कोवळा, चिरका, शेवटी फाटलेला निघाला. तात्यांची मान एकदम ताठ झाली. कानाला आधी कळलं, शब्द मागून आले.

"भिंतीखाली माझे अब्बा हुते, तात्या. ती आरोळी माझी हाय."