पावडर लावणाऱ्या मावशींची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. शहराच्या मधोमध असलेल्या वनस्पती उद्यानात, रोपवाटिकेच्या छपराखाली मी भिंतीला टेकून उभी असते. उभी कसली, आता कललेलीच. खालच्या पायऱ्यांना वाळवी लागली आहे.

वादळात पडलेल्या एका झाडाच्या लाकडातून उद्यानाच्या सुताराने मला घडवलं. एरवी काम पडल्याशिवाय शिडीची आठवण कोणाला होते? पण रोपवाटिकेतल्या मावशींचा माझ्यावर जीव होता. उद्यानात दाट सावलीचं एक दुर्मीळ झाड आहे. त्याच्या बियांपासून मावशी रोपं करायच्या आणि ती शहरातल्या रस्त्यांच्या कडेला लागायची. भर उन्हात तुम्ही ज्या सावलीतून शाळेत जाता, ती सावली आमच्याकडूनच आली आहे, बरं का!

फुलांच्या दिवसांत मावशी डबी आणि कुंचला घेऊन माझ्यावर चढायच्या आणि एकेका फुलाला पिवळी पूड लावायच्या. मला खालून धरायला त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका यायचे. ते उद्यानातल्या हिरवळीचं काम बघायचे.

"स्वतःच्या तोंडाला कधी लावली नाहीस, झाडाला मात्र रोज पावडर!" काका म्हणायचे.

"गपचूप शिडी धरा. मी पडले तर स्वयंपाक तुम्हालाच करावा लागेल."

मला हसू आवरायचं नाही, मग मी थोडी करकरायचे. ती पावडर येते कुठून, हे मात्र काकांनी कधी विचारलं नाही. मावशींनाही सांगायचं सुचलं नाही.

एकदा मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्याच सुमारास उद्यानातला रस्ता रुंद करायचं ठरलं. मावशींचं झाड आणि त्याच जातीचं पलीकडचं झाड, दोन्ही आड येत होती. रस्ता वळवून एकच वाचणार होतं. कुठलं ठेवायचं, असं साहेबांनी विचारताच काकांनी मावशींच्या झाडावर हात ठेवला.

मावशी परतल्या तेव्हा काका फाटकातच उभे होते. "तुझं फळाचं झाड वाचवलं मी! ते दुसरं तोडायला दिलं. त्याला कधी फळ आलंय का?"

मावशी तशाच तोडलेल्या बुंध्यापाशी गेल्या.

"अहो, पावडर याच्याच फुलांची होती. हे नर झाड होतं. याच्या परागाशिवाय आता माझ्या झाडाला फळ कसं धरणार?"

मावशी त्यांना एका शब्दानेही टाकून बोलल्या नाहीत. काकांना तेच जास्त लागलं असावं.

रस्त्यांवरची झाडं तेव्हा लहान होती. त्यांतलं एखादं नर असेल, कधीतरी फुलेल, या आशेवर दरवर्षी फुलांच्या दिवसांत काका मला खांद्यावर टाकून निघायचे. मागे डबी घेऊन मावशी. लोक आम्हाला रंगारी समजून आपल्या भिंती दाखवायचे. शेवटी एका गल्लीत जमिनीवर पिवळी पूड दिसली. काकांनी मान वर केली, तर वर नुसतं आभाळ! झाड आदल्याच दिवशी तोडलं होतं. फांद्या कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेल्या होत्या.

"फळ नाही काही नाही, नुसती गाड्यांवर घाण पडायची," एक बाई म्हणाल्या. त्या दिवशी परतताना मी काकांना फार जड झाले.

गेल्या वर्षी काका गेले. मावशींचं झाड यंदाही फुललं आहे आणि फुलं तशीच गळून पडत आहेत. मावशी येतात, डबी उघडून बघतात, माझ्यावरून हात फिरवतात. मला उचलणं आता त्यांना झेपत नाही. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या झाडाने गाडीवर पिवळी पूड सांडली, तर रागावू नका. गाडी पुसता येते. कोणाला कुऱ्हाड लावू देऊ नका आणि उद्यानात धावत येऊन मावशींना सांगा. त्या अजूनही चढतील. शिडी खालून धरायला मात्र कोणीतरी लागतं.