पुढचे ब्रेक

“आधी नट सैल करायचे. मग जॅक लावायचा. उलटं केलं तर चाक हवेत नुसतं गरगर फिरतं,” असं म्हणत त्याने पान्याच्या दांड्यावर पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. नट करकरला आणि सुटला.

ती उलट्या घातलेल्या बादलीवर बसली होती. मांडीवर फडकं, फडक्यात पाने. इतकी वर्षं तो या अंगणात गाडीखाली शिरत आला होता, पण काम चालू असताना तोंडातून शब्द निघायचा नाही. गाडीखालून हात बाहेर यायचा, बोटं हलायची आणि कुठला पाना हवाय ते तिने ओळखायचं. चुकीचा दिला तर तो मुकाट्याने परत यायचा. आज मात्र तो प्रत्येक गोष्ट बोलून दाखवत होता. “मागच्या चाकांना विटा लावल्या.” “हँडब्रेक ओढला.” सुरुवातीला तिला वाटलं, आपल्याला शिकवतोय. मग लक्षात आलं, तो तिच्याशी बोलतच नव्हता. अंधारात जिना उतरताना माणूस भिंत चाचपत जातो, तसा तो शब्द चाचपत पुढे चालला होता.

पेठेत त्याला सगळे बिऱ्हाडकाका म्हणत. कुणाचं घर बदलायचं असलं की काकांची पिकअप दारात यायची. तो कपाटं आणि पलंग उतरवायचा, ती स्वयंपाकघर बांधायची. काचेची भांडी रद्दीत गुंडाळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक कप फुटला तर दोन दिवस तिला अन्न गोड लागत नसे. लोकांनी आपापली बिऱ्हाडं यांच्या हवाली निर्धास्तपणे केली होती. नवी नवरानवरी, बदलीवाले, भावाभावांत वाटण्या झालेले, आणि मागे एकटं उरलेलं एखादं म्हातारं माणूस, ज्याचं सगळं सामान एका खेपेत मावायचं. “माणूस कसा आहे ते दिवाणखान्यात कळत नाही,” तो म्हणायचा. “कपाट हलवलं की मागे सापडतं.”

मागल्या महिन्यात एका कारकुनाचं घर हलवायचं होतं. गाडी भरली, दोऱ्या आवळल्या, मंडळी पुढे रिक्षाने गेली. तो निघाला, चौकाला वळसा घातला आणि पुन्हा त्याच रिकाम्या घरासमोर येऊन थांबला. खाली उतरून दोऱ्या सोडायला लागला. ती शेजारच्या सीटवर नुसती बघत राहिली. घरमालक कुलूप लावत होता. तो म्हणाला, “काय काका, काही राहिलं का?”

याने दोरी हातात धरून इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, “पायपुसणं राहिलं.” आत गेला आणि एक फाटकं पायपुसणं झटकत बाहेर आला. घरमालक हसला. ते पायपुसणं कारकुनाचं नव्हतंच. त्याच्या बायकोने ते दुसऱ्या दिवशी परत पाठवलं.

त्यानंतर काम आलं नाही ते थेट काल. शाळेतल्या एका बाईंचं सामान उद्या सकाळी हलवायचं होतं. आणि परवा बाजारातून येताना पुढच्या चाकातून लोखंड घासल्याचा आवाज त्यानेच आधी ऐकला. “पॅड संपले,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. कान अजून शाबूत होता.

उजवं चाक निघालं. त्याने ते गाडीच्या पोटाखाली सरकवलं, जॅक सटकलाच तर गाडी त्याच्यावर टेकावी म्हणून. खालचा बोल्ट काढून चाकामागच्या चकतीला चिमटणारी ब्रेकची लोखंडी मूठ वर उचलली, झिजून पापडासारखे झालेले जुने पॅड उपसून तिच्या हातात दिले. मूठ पुन्हा नव्या पॅडवर बसावी म्हणून तिच्या आतला दट्ट्या क्लॅम्पने हळूहळू मागे दाबला. नवे पॅड बसवले. बोल्ट आवळला. सगळं कसं सुतासारखं सरळ.

शेजारचा शिंपी कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला होता.

“काय काका, गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय देताय?”

“गॅरेजवाल्याला हॉर्न द्यावा, आरसा द्यावा. ब्रेक देऊ नये.”

“का बरं?”

“ब्रेक नाही लागला तर तो गाडीत नसतो.”

शिंपी हसला. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी हसण्यासारखं बोललं होतं.

डाव्या चाकाशी तो पुन्हा बोलायला लागला. नट सैल केले. गाडी उचलली. चाक खाली सरकवलं. मूठ उचलली, जुने पॅड काढले, दट्ट्या दाबला. नवा पॅड हातात घेतला आणि बोलणं थांबलं.

तिने मान वर केली. तो पॅड हातात घेऊन बसला होता. एकदा घासणारी बाजू आत धरून पाहिली, एकदा बाहेर. मग पुन्हा आत. किराणा दुकानात चुकून परक्या देशाचं नाणं हाती आल्यावर माणूस ते उलटंसुलटं करून पाहतो, तसा तो पाहत होता. कपाळावर घाम आला होता. शिंपी अजून भिंतीशीच होता.

“जरा पाणी पिऊन येतो,” तो म्हणाला, पण उठला नाही.

तिने त्या बाजूचा जुना पॅड उचलला आणि चाकाच्या जागेशी वाकली. “अहो, हा असाच होता ना? झिजलेली बाजू चकतीकडे? मी आपलं विचारतेय. मला यातलं काय कळतंय.”

त्याने पॅडकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला पुढे फार दिवस पुरली. तिने सावरून घेतलंय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही.

“हो,” तो म्हणाला. “असाच.”

पुढचं त्याने घाईने उरकलं. बोलणं बंदच झालं. चाक चढवलं, जॅक उतरवला, विटा बाजूला केल्या. “रस्त्यावर एक चक्कर मारून बघू. फाटक उघड,” म्हणाला.

अंगण फाटकाकडे उतरतं होतं. ती पुढे गेली, कडी काढली आणि बाहेर ढकलायला फाटकाच्या गजांत हात घातला. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, हँडब्रेक सुटल्याचा आला. गाडी हलली. नवे पॅड घातले की गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल टणक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचं असतं, नाहीतर पहिल्या दाबाला ते सरळ तळाला जातं. हे त्याने स्वतः कितीतरी ड्रायव्हरांना बजावलं होतं. आज पेडल तळाला गेलं. त्याने दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे ब्रेक लागला. तोवर बंपर फाटकावर आदळला होता, फाटक बाहेरच्या खांबावर आपटलं होतं आणि तिचं मनगट मध्ये सापडलं होतं.

ती ओरडली नाही. फक्त खाली बसली.

शिंपी भिंतीवरून उडी मारून आला. त्यानेच रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?”

“पाय घसरला,” ती म्हणाली. “फाटकाला धरायला गेले आणि हात अडकला.”

तो शेजारीच स्टुलावर बसला होता. हाताला अजून ग्रीस होतं. शिंपी खिडकीबाहेर बघत राहिला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घातलं, आणि बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर शिंप्याने शाळेतल्या बाईंना फोन करून उद्या जमणार नाही म्हणून कळवलं. नवरा अंगणात गेला आणि गाडीत बसून राहिला. ती दाराशी येऊन उभी राहिली.

“जिवाला लावून घेऊ नका. कोणाच्याही हातून होतं असं.”

“कोणाच्याही हातून होतं,” तो म्हणाला. “माझ्या हातून होत नव्हतं.”

संध्याकाळी त्याने स्वतःच भाच्याला फोन लावला. भाचा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता, स्वभावाने सरळ, हात धडधाकट. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि मामीचा हात पाहून दारातच थबकला.

“हे काय मामी?”

“अरे, घसरले जरा...”

“घसरली नाही,” मामा आतून म्हणाला. बाहेर आला आणि भाच्याच्या समोर उभा राहिला. “मी ब्रेकचे पॅड बदलले आणि पेडल पंप न करता गाडी काढली. तिचा हात मी मोडला. आधी हे ऐक, मग पुढचं बोलू.”

भाच्याने मामीकडे पाहिलं. “मामा, असं होतं कधीकधी.”

“गाडी तू घेऊन जा. कायमची. पण नेण्याआधी दोन्ही चाकं माझ्यासमोर उघड आणि मी केलेलं तपास.”

“तुमचं काम मी काय तपासणार?”

“तपास म्हटलं ना.”

भाच्याने जॅक लावला. उजवं चाक काढून बघितलं, पॅड हलवून बघितले, बोल्टला पाना लावला. पाना जागचा हलला नाही. “मामा, याला बोट दाखवायला जागा नाही,” तो म्हणाला. ती पायरीवर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती.

डावं चाक निघालं. पॅड बरोबर बसले होते. भाच्याने बोल्टला पाना लावला. पाना फिरला. पुन्हा फिरला. भाचा खाली मान घालून फिरवत राहिला आणि पाना फिरतच राहिला. बोल्ट नुसता बोटाने लावलेला होता. रस्त्यावरच्या दोनचार खड्ड्यांत तो निसटला असता.

शेवटी बोल्ट आवळला गेला. भाचा हात पुसू लागला.

“किती सैल होता?” मामाने विचारलं.

“थोडासाच.”

“मला ऐकू येतं रे अजून,” तो म्हणाला. रागाने नाही. “आज सामान भरून आम्ही दोघं त्याच गाडीत बसणार होतो.”

त्याने खिशातून किल्ली काढली. गाडीच्या पाठीमागे गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्या दाखवल्या, कुठली ओली झाली की आखडते ते सांगितलं. दुसरा गिअर थंडीत अडकतो तेव्हा त्याला मारायचं नाही, जरा थांबून टाकायचा, हे सांगितलं. थोड्या वेळाने दोऱ्यांचं पुन्हा सांगितलं. भाच्याने पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

“मामा, तुम्ही बसत जा की शेजारी. रस्ते तुमच्यासारखे कोणाला माहीत आहेत?”

“नको. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला ड्रायव्हर म्हणजे घरातली दुसरी सासू.”

भाचा हसला आणि मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं. आत बसून त्याने गाडी सुरू केली, पेडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. मामा फाटकाबाहेर जाऊन रस्त्यात उभा राहिला. दोन्हीकडे पाहिलं आणि हाताने खुणा करायला लागला. “येऊ दे. येऊ दे. डावीकडे जरा. येऊ दे.” वाकलेल्या फाटकातून गाडी कुठे न घासता बाहेर आली. ती वळली तेव्हा त्याने मागच्या फळीवर दोनदा थाप मारली, सामान भरून झाल्यावर मारायचा तशी. गाडी निघाली.

तो अंगणात परत आला.

“ऐक,” तो म्हणाला. “मी विचारेन. उद्या नाही तर परवा, गाडी कुठे गेली म्हणून विचारेन. तेव्हा मला काहीतरी सांगून गप्प करू नकोस. दुरुस्तीला गेलीय म्हणू नकोस. डॉक्टरांना सांगितलंस तसं तर मुळीच नको.”

“मग काय सांगू?”

“मी दिली म्हणून सांग.”

“बरं.”

“म्हणून दाखव.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “गाडी तुम्हीच दिलीत. स्वतःच्या हाताने. सगळं तपासून दिलीत.”

“तपासून दिली,” तो म्हणाला. “हे बरं आहे. हेही सांग.”

गाडी उभी असायची तिथे आता फरशीचा एक काळपट चौकोन उघडा पडला होता. त्याच्यावरून वर्षानुवर्षं झाडू फिरला नव्हता. तो आत जाऊन झाडू घेऊन आला आणि वाकून एका कडेपासून झाडायला लागला. वाळकी पानं निघाली, तेलात मुरलेली माती निघाली, आणि त्या मातीत लोकांच्या बिऱ्हाडांतून गळलेल्या वस्तू निघाल्या. कपाचा कान, शर्टाचं बटण, बाहुलीचा हात, कुठल्याशा कपाटाची किल्ली. तो एकेक वस्तू उचलून बघायचा आणि परत ढिगावर ठेवायचा.

ती उठली, डाव्या हाताने सुपली घेतली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. एका हाताने सुपली नीट टेकत नव्हती.

“जरा तिरकी धर,” तो म्हणाला.

तिने तिरकी धरली. त्याने हळूहळू, काही सांडू न देता, सगळं सुपलीत लोटलं.