दादऱ्याची गाठ

श्रीपतरावांनी बरणीतून चमचा वर काढला आणि खिडकीपाशी नेऊन चष्म्याखालून पाहिला. कैरीच्या फोडीवर पांढरी बुरशी धरली होती.

"ओला हात लागलाय," ते म्हणाले. "तुझाच."

मनस्विनी, त्यांची सून, विळीवरचं पडवळ तसंच ठेवून उठली. नवरा मुंबईला नोकरीला, ती इथे खेडच्या शाळेत शिकवायची. तिनं चमच्याकडे पाहिलं, ओढणीला हात पुसले.

"मथुराकाकूंना बोलावते," ती म्हणाली.

लोणचं श्रीपतरावांच्या बायकोनं, वासंतीबाईंनी घातलेलं. वैशाखात घातलं आणि ज्येष्ठ लागता लागता त्या गेल्या. आमटी खारट झाली, पातेलं करपलं, सुरणानं हात खाजले, की आळीतल्या बायका त्यांच्याकडेच धावायच्या. लोणच्याचं त्यांचं म्हणणं एकच: हात कोरडा, चमचा कोरडा, तोंड बंद. यातली तिसरी अट बरणीला की नवऱ्याला, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. नवऱ्याची हयात कचेरीत फायली बांधण्यात गेली. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळाला. आता बायकोच्या हातचं म्हणून ही बरणी तेवढी उरली होती. संपू नये म्हणून ते ताटात लोणचं वाढूनही घेत नव्हते.

शेजारच्या मथुराकाकू आल्या, पदर खोचला, वरची बुरशी काढली आणि तेल तापवून गार करायला ठेवलं. मग पळी बुडाशी घातली. खालीही तेच. फोडी बोटानं दाबल्या की पिठासारख्या होत होत्या.

"गेलं गो हे," त्या म्हणाल्या. "तेल नको फुकट घालवू."

"काहीतरी उपाय असेलच की," श्रीपतराव म्हणाले. "तिला ठाऊक असता."

"होताच ठाऊक, भावजी. पावसात लहान बरणीतलं खायचं. मोठीचं तोंड दसऱ्यापर्यंत सोडायचं नाही. चमचा कोरडा असून काय उपयोग, आषाढातली हवाच ओली! ही उघडत होतं कोण?"

श्रीपतरावांचे कान तापले. दुपारी मनस्विनी शाळेत असली की ते रोज दादरा सोडायचे, म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधलेलं ते फडकं. खायला नव्हे. नुसतं नाक आत घालून उभे राहायचे. हिंगाचा, मोहरीचा वास यायचा, आणि वासंती फोडणी करत मागे उभी असल्यासारखं वाटायचं. मग दादरा आवळून बांधायचे आणि सुनेच्या हातावर लक्ष ठेवायचे. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं.

"मीच उघडत होते, काकू," मनस्विनी म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"शिकलेल्या गो तुम्ही!" काकूंनी कपाळाला हात लावला. "माडाच्या मुळात ओता आता, मीठ माडाला मानवतं. आणि बरणी मोहरी वाटून, लावून, गरम पाण्यानं धू. कसला म्हणून वास राहायचा नाही."

त्या गेल्या. श्रीपतराव स्टुलावर बसले.

"तू कशाला अंगावर घेतलंस?"

मनस्विनीनं दादरा उचलून त्याच्या चुण्या बोटांनी सारख्या केल्या.

"आई दादऱ्याच्या दोरीला सरकफास मारायच्या. मी घरी यायची तेव्हा रोज दुहेरी गाठ असायची, टोकं आत खोचलेली. फायलीला मारतात तशी. मी सोडून पुन्हा सरकफास मारायची."

"तेव्हाच बोलली असतीस तर वाचलं असतं."

"वाचलं असतं," ती म्हणाली. "पण दिवसभरात तुम्ही तेवढ्याचसाठी खुर्चीतून उठत होतात, बाबा."

ते स्टुलावरून उठले. बरणी घेऊन पावसात गेले आणि माडाच्या बुंध्याशी उपडी केली. किती जपून पुरवलं होतं, आणि एका आषाढात सगळं मातीत. ते रडले, पण पावसात भिजलेल्या तोंडावरून कोणाला कळलं नसतं.

आत आले तेव्हा मोहरी वाटलेली नव्हती, पाणीही तापत नव्हतं. मनस्विनीनं बरणी त्यांच्या हातातून घेतली, न धुताच ओट्यावर ठेवली आणि तोंडावर दादरा पसरला.

"गाठ तुम्ही मारा," ती म्हणाली.

त्यांनी दुहेरी गाठ मारली, टोकं आत खोचली. आत आता नुसत्या बुरशीचा वास होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.