धक्क्यावरचा फोटो

तळ्याचा फोटो पुन्हा फिसकटला होता. स्क्रीनवर मोठा करून पाहावा तर पलीकडच्या डोंगराची कड ओल्या कागदावरच्या शाईसारखी पसरलेली, आणि आभाळात धुळीचे काळपट ठिपके. ओळखीपाळखीचे लोक या हौशी फोटोग्राफरला डागवाला म्हणायचे. फोटोत एक डाग राहिला तरी त्याला घास गोड लागत नसे. आठवडाभर त्याने जंग जंग पछाडलं. लेन्स पुसली, कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर साफ केला, ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगली, बटणाला हात नको म्हणून रिमोट घेतला. ठिपके गेले, पण फोटो काही केल्या धारदार येईना.

खरं तर त्याचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि डॉक्टरांचा फोन यायचा होता.

"आज मीही येते," ती म्हणाली. "तुमच्या येरझारा बघून घरात माझं डोकं गरगरतं."

दिवस कलताना दोघं तळ्यावर पोचली. लाकडी धक्क्याच्या टोकाला त्याने ट्रायपॉड रोवला. उजेड कमी, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. त्याने रिमोट दाबला आणि सवयीने फेऱ्या मारायला लागला. ती फळ्यांवरच बसली होती.

"अहो, थांबा जरा. तुम्ही चालता तेव्हा मी हलते. मग तो कॅमेरा हलत नसेल?"

तो जागच्या जागी थिजला. ट्रायपॉडला दगड बांधून स्वतः फळ्यांवर नाचत होता की तो!

"बसा इथे."

"बसवत नाही गं."

"माहीत आहे. तरी बसा."

त्याने पुन्हा रिमोट दाबला आणि बसला. पण पाय थरथरतच होता. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तो ताडकन उठू लागला.

"हलू नका. होऊ दे फोटो."

"अगं, डॉक्टर असतील!"

"असू देत. मी करते परत."

फोन वाजून वाजून थांबला. शटर मिटल्याचा आवाज आला, तेव्हाच तिने हात काढला आणि नंबर लावला. "हो... बरं... किती?" तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"गाठ वाईट आहे," फोन ठेवत ती म्हणाली. "पण लहान आहे, लवकर सापडली, बरी होईल म्हणाले. ऑपरेशनचं ठरवायला सोमवारी बोलावलंय."

ती उठली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिनेच फोटो मोठा केला. डोंगराच्या कडेवरचं झाडन् झाड वेगळं दिसत होतं.

"आला की हो! बघा तरी."

त्याने पाहिलं, मान हलवली, आणि डोळे भरून आल्यावर काहीच नीट दिसेना.

परतताना गाडीत त्याच्या प्रश्नांना खळ नव्हता. दवाखान्यात सोबत कोण राहील? तुझ्या बहिणीला आजच कळवायचं का? तुला भीती नाही वाटत?

"वाटते ना," ती म्हणाली. "पण आधी गाडीचे दिवे लावा. अंधार पडलाय."