हौदातला हैबत

कडब्याच्या तीन पेंड्या सोडल्या तेव्हा एकशे ब्याऐंशी धांडे निघाले. त्यांतले एकोणतीस खोडकिडीने पोखरलेले होते. एका टोकाने फुंकलं की दुसऱ्या टोकाला गालावर वारा लागावा, असा धांडा मात्र एकच. दीपमालाने तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला.

हा सगळा खटाटोप एका कादंबरीपायी. गढीवाल्यांची पेवं फोडून गावोगाव धान्य वाटणारा हैबत, आणि दर प्रकरणात त्याच्याकडून फसणारा फौजदार. प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेल्या दीपमालाने ती सात वेळा वाचली होती. कोण कुठे दगा देणार हे पाठ असूनही विहिरीचं प्रकरण आलं की तिची पाठ ताठ व्हायची. हैबत पाण्याखाली, तोंडात ज्वारीचा धांडा; वर फौजदार काठी आपटत शंभर अंक मोजतोय.

डोणगावच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन संपलं की पुढचे काही रविवार दुसरं एखादं पुस्तक मोठ्याने वाचायची रीत होती. यंदा पाळी दीपमालाची. एकटीने सात वेळा लुटलेली मजा एकदा तरी सगळ्यांसोबत लुटावी, एवढंच तिला हवं होतं. पण पुस्तक ठरवायचे शंकरराव, निवृत्त मुख्याध्यापक.

"दरोडेखोराच्या थापा विहारात कायले?" ते म्हणाले होते. "तथागतानं सांगितलं, ये आणि पाहा. याच्यातली एक गोष्ट मले खरी करून दाखव, मंग वाच खुशाल."

म्हणून आज तिच्या घरामागे, गुरांच्या हौदाशी, शंकरराव आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई येऊन उभे होते. थोरला भाऊ संघपाल वैरण टाकायची सोडून आला.

"काऊन वं हैबतबाई," तो म्हणाला, "धांड्यात गाभा असते. तुह्या लेखकानं कधी वावर पाह्यलं होतं काय?"

"किडीनं खाल्लेला पोकळ राहते, दादा."

"म्हंजे हैबत पयले कीड हुडकत बसला असन!"

"पोरीले सर्दी झाली तं आज तुमचं जेवण बंद," सिंधूताईंनी नवऱ्याला बजावलं आणि हातात दगड घेतला.

दीपमाला हौदात गुडघ्यांवर बसली, धांडा तोंडात घेतला, नाक चिमटीत धरलं आणि खाली गेली. दर अंकाला सिंधूताई हौदाच्या भिंतीवर दगड ठोकू लागल्या. पहिल्याच श्वासाला जुन्या कडब्याची चव होती. विसाव्या ठोक्याला छाती दुखू लागली. सात वेळा हे पान तिने गादीवर लोळत वाचलं होतं. हैबतला धाप लागत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आणि ठोके! सिंधूताई समोर उभ्या होत्या, पण ठोका मागून यायचा, खालून यायचा, तिच्याच कवटीतून यायचा. 'फौजदार चारी काठांवर उभा होता,' असं पुस्तकात होतं. ते वाक्य ती आजवर लेखकाची सजावट समजत आली होती.

एकसष्टाव्या ठोक्याला ती उसळून वर आली.

"धरला हैबतले," संघपाल म्हणाला.

शंकररावांनी नकारार्थी मान हलवली. दीपमालाने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. वाचन हातचं गेलं होतं; तरी खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं.

"शंभर नाही होत, काका. पुस्तक चुकलं. पण फौजदार चारी काठांवर, हे मात्र खरं. ठोका कुठून येते ते खाली कळतच नाही. पाण्यात आवाज चौपट जोरात धावते. दोन्ही कानांले संगच पोचते, मंग बाजू कशी समजन?"

"हे तुले कॉलेजात शिकवलं असन. म्या कुठं पाह्यलं?"

"मंग पाहा ना."

शंकररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. चष्मा काढून बायकोच्या हातात दिला.

"अवो, या वयात?" सिंधूताई म्हणाल्या.

"संघपाल, चारी बाजूंनी फिर. वाटन तिथून ठोक. मी बोट दाखवतो."

आणि ज्यांच्या छडीला अर्धं गाव भ्यायचं, ते मुख्याध्यापक गुरांच्या हौदात कानांच्या वरपर्यंत डोकं बुडवून ओणवे झाले. एक हात तेवढा हवेत. संघपाल दबक्या पावलांनी फिरत ठोकत राहिला. ते बोट ठामपणे भलतीकडेच जात राहिलं. सिंधूताईंनी पदर तोंडाशी धरला होता.

दहा ठोक्यांत तीन वेळा बोट बरोबर बाजूला गेलं.

रविवारी विहारात सव्वीस माणसं आली. पहिल्या बैठकीत हैबतची चौदा पानं वाचून झाली.